दोन प्याद्यांची बरोबरी

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या मनात शेवटाविषयी एक संकोच असतो. कादंबरीचा शेवट आधी सांगितला की रसभंग झाला, नाटकाचा शेवट आधी कळला की प्रयोग फुकट गेला, अशी आपली समजूत. वर्गातही आपण प्रस्तावनेपासून आरंभ करतो, पहिल्या प्रकरणांवर पोटभर बोलतो आणि सत्र संपत आले की शेवट विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करून मोकळे होतो. बुद्धिबळाच्या शिक्षणात मात्र याच्या नेमकी उलट अशी एक परंपरा आहे. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१ साली नवशिक्यांसाठी जे पुस्तक लिहिले, त्याच्या पहिल्याच प्रकरणाच्या शीर्षकात शेवट, मध्य आणि सुरुवात असा क्रम आहे. पटावर जवळजवळ काहीच उरलेले नाही अशा स्थितींपासून तो आरंभ करतो. डावाची पहिली खेळी कोणती करावी, या प्रश्नाकडे तो बराच पुढे वळतो.

आम्ही तिघे एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. चाळिशी उलटल्यावर आम्ही बुद्धिबळ पद्धतशीर शिकू लागलो, ते गावातल्या एका छोट्या मंडळात, गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षकांकडे. त्यांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणतो आणि येथेही तसेच म्हणणार आहोत. दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास हा वर्ग चाले. त्याशिवाय वर्षाकाठी तीनचार स्पर्धांत भाग घ्यायचा, अशी सरांची अट होती. कारण घड्याळ शेजारी टिकटिकत असल्याशिवाय शेवट कळत नाही, असे त्यांचे मत. या काही वर्षांत आमचे गुणांकन फारसे वाढले नाही. परंतु आपल्याच व्यवसायातील एक प्रश्न आम्हाला तेथे अनपेक्षितपणे भेटला. त्याविषयी हे टिपण आहे.

सरांची पद्धत कापाब्लांकाचीच होती. पहिले तीन महिने त्यांनी आमच्यासमोर दोन राजे आणि एक प्यादे याखेरीज काही ठेवले नाही. एवढ्या सामग्रीत शिकण्यासारखे काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले, की ज्याची खेळी असेल त्याला बाजू सोडावी लागते, हे ध्यानात आले की पटाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. एरवी खेळी करण्याची पाळी येणे हा लाभ असतो. येथे तेच ओझे ठरते. काहीच न करता उभे राहता आले असते तर डाव राखता आला असता, परंतु नियम म्हणतो की हललेच पाहिजे. सोंगट्या कमी होत जातात तशी प्रत्येकीची किंमत बदलते. डावभर कोपऱ्यात दडवून ठेवलेला राजा शेवटी सर्वांत कष्टाळू कामकरी बनतो. ज्या प्याद्याकडे तीस खेळ्या कोणी ढुंकून पाहिले नाही, त्याच्याभोवती सगळे नाट्य फिरू लागते.

राजाच्या या रूपांतराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९२४ सालच्या न्यूयॉर्क स्पर्धेतले आहे. त्या स्पर्धेत कापाब्लांका रेतीकडून हरला. तोपर्यंत आठ वर्षे त्याला कोणी हरवले नव्हते. त्यानंतर लवकरच तो तार्ताकोव्हरशी खेळला. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट होता. कापाब्लांकाने आपली दोन प्यादी उघड्यावर सोडली आणि तार्ताकोव्हरने ती दोन्ही शह देत मारली. तेवढ्या वेळात कापाब्लांकाचा राजा पटाच्या कडेकडेने चालत शत्रूच्या गोटात शिरला. तेथे समोरचे काळे प्यादे मारण्याची संधी होती. त्याने ते मारले नाही. त्याच्या आडोशाला जाऊन तो उभा राहिला, कारण मागून येणारे हत्तीचे शह तेच प्यादे अडवत होते. शत्रूची छत्री शत्रूच्याच पावसात वापरण्याचा हा प्रकार. सरांनी ही खेळी दाखवली आणि आम्हाला विचारले, “आता मोजा पाहू, कोणाकडे किती प्यादी आहेत? आणि सांगा, त्या मोजण्याला अर्थ आहे का?”

या अभ्यासाचा व्यूहरचनेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. डावाच्या मध्यात आपण सोंगट्यांची मारामारी करतो तेव्हा प्रत्येक वेळी नकळत एक शेवट निवडत असतो. हत्तीला हत्ती दिला तर मागे काय उरेल, हे ज्याला दिसते त्यालाच ती अदलाबदल करावी की टाळावी हे ठरवता येते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव झाला. डिंगकडे एक प्यादे कमी होते, तरी हत्ती आणि उंट दोन्ही बाजूंना असल्याने बरोबरी राखता येण्यासारखी होती. त्या स्थितीत डिंगने हत्तीची अदलाबदल देऊ केली. गुकेशच्या ध्यानात आले की डिंगचा उंट दूरच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे हत्तींपाठोपाठ उंटांचीही अदलाबदल त्याच्यावर लादता येते. आणि मग जे उरते ते राजा आणि प्याद्यांचे सरळ गणित, ज्यात काळा जिंकतो. काही खेळ्यांतच डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आम्ही पहिले तीन महिने ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्याच पाटीवर ही लढत संपली.

परंतु आम्हाला, साहित्याच्या माणसांना, अधिक खिळवून ठेवले ते या विद्येच्या इतिहासाने. डावाच्या अंताविषयीचे ज्ञान हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त करत सिद्ध केलेले आहे. पाठचिकित्सा शिकवताना आपण पोथ्या, लेखक, लेखनिक, प्रक्षेप हे शब्द वापरतो. ते सारे येथे जसेच्या तसे लागू पडतात. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध हत्ती या शेवटातील जिंकण्याची मूलभूत रीत ‘लुसेनाची स्थिती’ म्हणून जगभर शिकवतात. लुसेना या स्पॅनिश लेखकाचे पुस्तक १४९७ साली सालामांका येथे छापले गेले. त्या पुस्तकात ही स्थिती नाहीच! ती सापडते साल्व्हियो या इटालियन लेखकाच्या १६३४ सालच्या ग्रंथात, आणि तोही तिचे श्रेय दुसऱ्याच एका खेळाडूला देतो. एकाच्या नावावर दुसऱ्याचा अभंग खपून जावा आणि पुढे संशोधकांनी सांगूनही लोकांनी जुनेच नाव चालू ठेवावे, तसा हा प्रकार. याच शेवटात बचाव कसा करावा, हे मात्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्यानेच सांगितले आहे. फिलिदोर हा फ्रेंच संगीतकार, ऑपेरांचा रचनाकार. त्याच्या बुद्धिबळावरील ग्रंथाच्या १७७७ सालच्या आवृत्तीत ती रीत आहे: हत्तीने एका विशिष्ट ओळीवर पहारा द्यायचा आणि शत्रूचे प्यादे त्या ओळीवर आले रे आले की पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह देत राहायचे.

वाचकाने लेखकाला दुरुस्त केल्याची सर्वांत सुंदर कथा ग्लासगोची आहे. १८७५ साली फेन्टन आणि पॉटर यांच्यात झालेल्या एका डावाची अखेरची स्थिती बार्बिए या स्तंभलेखकाने १८९५ साली तेथील एका साप्ताहिकात छापली. ती त्याने आठवणीतून मांडली आणि मांडताना तिचे रूप पालटले. एका बाजूला राजा आणि अगदी पुढे पोहोचलेले प्यादे, दुसऱ्या बाजूला राजा आणि हत्ती. काळा बरोबरी साधतो, असे बार्बिएने दाखवून दिले. प्याद्याचा वजीर केला तर हत्ती स्वतःचा बळी देतो आणि काळ्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, अशी कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटतो. ग्लासगोत राहणारे साव्हेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू हे वाचत होते. त्यांनी कळवले की प्याद्याचा वजीर करू नये, हत्ती करावा. मग कोंडी होत नाही, आणि मातीची धमकी टाळता टाळता काळा आपला हत्ती तरी गमावतो किंवा मात तरी खातो. साव्हेद्रा काही नामांकित खेळाडू नव्हते. जगाच्या स्मरणात त्यांची ही एकच खेळी आहे. मूळ डाव दोघांचा, विपर्यस्त आठवण तिसऱ्याची, दुरुस्ती चौथ्याची, आणि आज त्या स्थितीला नाव आहे ते केवळ दुरुस्ती करणाऱ्याचे.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात अनेक ठिकाणी असा नियम होता की प्यादे ज्या स्तंभाच्या टोकाला पोहोचेल त्या स्तंभाच्या मूळ सोंगटीचे रूप त्याला मिळावे. साव्हेद्रांचे प्यादे उंटाच्या स्तंभावर होते. देशी पटावर त्याचा उंटच झाला असता आणि ही सारी कथा जन्मालाच आली नसती. देशी खेळात प्यादी आरंभीही एकच घर चालत, म्हणून डाव सावकाश उलगडे. त्या मुशीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ साली आपल्या धन्याबरोबर इंग्लंडला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, आणि १९३२ व १९३३ साली पुन्हा झाला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. पाश्चात्त्य खेळातील सुरुवातींचे ग्रंथज्ञान त्याच्याकडे नव्हते; त्याची ताकद होती ती मध्यात आणि शेवटात. भारतात परतल्यावर १९३५ साली त्याने महाराष्ट्राचे व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळून साडेनऊ गुण मिळवले. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. येथेही दुरुस्ती उशिराच आली.

स्पर्धेच्या सभागृहात शेवट कसा दिसतो, हेही सांगितले पाहिजे. सकाळी दोनशे पटांवर एकदम खेळ सुरू होतो तेव्हा सभागृहात कुजबुज असते, खुर्च्या सरकत असतात. चौथ्या तासाला बहुतेक पट मोकळे झालेले असतात आणि उरलेल्या पाचसहा पटांभोवती माणसे जमू लागतात. ही माणसे बोलत नाहीत. एका स्पर्धेत आम्ही असेच एका पटाजवळ उभे होतो. अकरा वर्षांचा एक मुलगा सत्तरीतल्या गृहस्थांविरुद्ध हत्ती आणि एक प्यादे घेऊन जिंकू पाहत होता, आणि ते गृहस्थ फिलिदोरने सांगितलेल्या ओळीवर हत्ती ठेवून शांत बसले होते. प्रत्येक खेळीला वाढीव ३० सेकंद. गृहस्थांच्या हाताला कंप होता, पण हत्ती त्या ओळीवरून हलला नाही. प्यादे पुढे आले तेव्हाच तो दूर गेला आणि मागून शह देऊ लागला. बरोबरी झाली. मुलाने हस्तांदोलन केले आणि बाहेर जाऊन वडिलांच्या फोनवर स्थिती मांडली. “बरोबरीच दाखवतंय,” तो वडिलांना म्हणाला, आणि एवढे कळल्यावर त्याची जिज्ञासा संपली. दोनशे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराची युक्ती आपण आत्ताच समोर बसून पाहिली, हे त्याला कोणी सांगितले नाही.

पूर्वी असे नव्हते. १९९० च्या दशकात संगणकांमुळे ती प्रथा मोडीत निघेपर्यंत लांबलेला डाव तहकूब होई. ज्याची खेळी असेल तो ती कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी, आणि मग दोन्ही बाजूंची रात्र त्या स्थितीच्या वाचनात जाई. १९६२ साली व्हार्ना येथील ऑलिंपियाडमध्ये तरुण बॉबी फिशरचा बोटविनिकशी डाव असाच तहकूब झाला. फिशरची बाजू वरचढ होती. सोव्हिएत संघ रात्रभर बसला, आणि हत्तींच्या त्या शेवटात बरोबरीची वाट गेलर याला सापडली. दुसऱ्या दिवशी बोटविनिकने डाव वाचवला. फिशरने पुढे १९६९ साली आपल्या डावांचे पुस्तक काढले तेव्हा आपण कसे जिंकलो असतो हे त्यात दाखवले. बोटविनिकने ते मान्य केले नाही. आपल्या बुद्धिबळशाळेत त्याने हा प्रश्न मुलांना गृहपाठ म्हणून दिला, आणि १३ वर्षांच्या गॅरी कास्पारोव्हने फिशरच्या विश्लेषणातही बचावाची वाट शोधून काढली. एका रात्रीचे वाचन असे पंधरा वर्षे चालू राहिले.

आता हे वाचन यंत्राने संपवले आहे, असे म्हणता येईल. पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असतील, तर त्या स्थितीचे अंतिम उत्तर ठाऊक आहे. २०१२ साली मॉस्को विद्यापीठात ही सारी गणती पुरी झाली. या कोष्टकांना ‘टेबलबेस’ म्हणतात. ती अंदाज करत नाहीत. शेवटच्या मातीपासून उलट मोजत आलेली असल्याने त्यांचे उत्तर निर्णायक असते. क्लिंग आणि होर्वित्झ यांनी १८५१ साली एक अशी रचना दाखवली होती की दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा तग धरतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सर्वांनी ते मानले. १९८३ साली केन थॉम्पसनच्या संगणकाने दाखवून दिले की सर्वसाधारणपणे दोन उंटच जिंकतात, फक्त त्याला वेळ फार लागतो. आम्हाला याचा आनंद वाटतो; प्रमाद दूर झाला तर कोणत्या अभ्यासकाला वाईट वाटेल? तरी त्या अकरा वर्षांच्या मुलाचा विझलेला चेहरा आठवतो, आणि कवितेचा आशय यंत्राकडून क्षणात मिळवून पुढे सरकणारे आमचे विद्यार्थीही आठवतात. उत्तर हाती आल्यावर वाचनाचे प्रयोजन काय उरते, हा आमच्या व्यवसायापुढचा प्रश्न आहे. त्याचे निदान अर्धे उत्तर आम्हाला सरांच्या वहीत मिळाले.

ही वही हिशेबाची, लाल कापडी बांधणीची. सरांनी सुमारे पन्नास वर्षांत पाहिलेले, खेळलेले आणि शिकवलेले शेवट त्यात आहेत. उजव्या पानावर स्थिती, डावे पान कोरे. ते वाचणाऱ्याने भरायचे. अनेक हस्ताक्षरे आहेत, काही शाईत, काही शिसपेन्सिलीत. त्यातील एक पान सरांनी आम्हाला बरेच दिवस दाखवले नव्हते. १९७८ सालच्या एका जिल्हा स्पर्धेतील त्यांचा स्वतःचा डाव. सरांकडे हत्ती आणि दोन प्यादी, एफ आणि एच या स्तंभांवर. समोर नुसता हत्ती. दोन प्यादी जास्त! सभागृह बंद करण्याची वेळ झाली म्हणून डाव तहकूब झाला आणि सरांनी खेळी लिफाफ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिस्पर्ध्याने, शेजारच्या तालुक्यातील एका शाळेच्या लिपिकाने, बरोबरी राखली. त्या अर्ध्या गुणाने सरांची राज्य स्पर्धेची निवड हुकली. वहीत लिफाफ्यातल्या खेळीपुढे सरांनी प्रश्नचिन्ह काढले होते, आणि ते इतक्या वेळा गिरवले होते की तेथे कागद झिजला होता. डाव्या पानावर १९९१ साली एका विद्यार्थ्याने लिहिले होते की सुचवलेल्या दुसऱ्या खेळीनेही पांढरा जिंकत नाही. त्याखाली सरांचे उत्तर, त्याखाली पुन्हा त्याची हरकत.

सरांची दृष्टी आता अधू झाली आहे. स्थिती त्यांना सांगावी लागते, मग ती त्यांच्या मनात उभी राहते. एका गुरुवारी त्यांनीच ते पान उघडायला सांगितले आणि म्हणाले, “तुमच्या त्या यंत्राला विचारा.” दोन राजे, दोन हत्ती, दोन प्यादी: सहाच सोंगट्या. उत्तर तत्काळ मिळाले. तहकुबीच्या स्थितीत पांढऱ्याने कोणतीही खेळी केली असती तरी डाव बरोबरीतच होता. लिफाफ्यातल्या खेळीत काही दोष नव्हता. आम्हाला वाटले, सरांना हायसे वाटेल. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बरोबरी आहे हे कळलं. पण का आहे? दोन प्यादी जास्त असून का?”

या ‘का’ला टेबलबेसकडे उत्तर नव्हते. पुढचे तीन गुरुवार आम्ही त्या ‘का’वर घालवले. यंत्र प्रत्येक खेळीपुढे जिंकणे, हरणे, बरोबरी एवढेच लिहीत होते. त्यातून कारण काढायचे काम माणसाचे होते. हळूहळू ते असे उलगडले. एफ आणि एच ही प्यादी शेजारी नाहीत, त्यांच्यामध्ये एक स्तंभ मोकळा आहे, म्हणून ती एकमेकांना आधार देत नाहीत आणि त्यांच्या राजाला आडोसाही पुरेसा मिळत नाही. बचाव करणाऱ्याने आपला हत्ती पटाच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावा. त्या एका घरातून दोन वाटा फुटतात, मागून शह देण्याची आणि बाजूने शह देण्याची. पांढरा राजा एका वाटेपासून लपला की दुसरीवर उघडा पडतो. आणि काळ्या राजाने शेवटच्या ओळीवर स्वतःला ढकलू देऊ नये, प्याद्यांसमोर ठाण मांडून राहावे. जाणकारांच्या ग्रंथांत हे सारे आहे, हे आम्हाला नंतर दिसले. तोपर्यंत ते आमचे झाले होते. मग या प्रकाशात आम्ही १९७८ चा डाव पुन्हा लावला. यंत्राच्या मते त्या सकाळी तीन क्षण असे होते की काळ्याजवळ बरोबरीची एकच खेळी होती, बाकी साऱ्या खेळ्यांनी तो हरला असता. त्या लिपिकाने तिन्ही वेळा ती एकच खेळी केली होती. त्याचा हत्ती दूरच्या कोपऱ्यात होता.

आम्ही हे सांगितले तेव्हा सरांनी त्या तीन खेळ्या एकामागून एक पुन्हा म्हणायला लावल्या. मग म्हणाले, “म्हणजे मी घालवला नव्हता. त्यानं राखला होता.” क्षणभराने पुढे म्हणाले, “इतकी वर्षं मी त्या माणसाचं श्रेय माझ्या चुकीच्या खात्यावर लिहीत आलो.” तो गृहस्थ आता हयात नाही. सरांनी आम्हाला डाव्या पानावर त्याचे नाव लिहायला सांगितले, त्या तीन खेळ्यांना उद्गारचिन्हे द्यायला सांगितली आणि खाली एक ओळ घालायला लावली: बरोबरी काळ्याने मिळवली. झिजलेले प्रश्नचिन्ह मात्र खोडू नका म्हणाले. तेही वाचनच होते.

यंत्र नसते तर सर ते प्रश्नचिन्ह गिरवतच राहिले असते, हे खरे. पण नुसत्या यंत्राच्या उत्तराने त्या लिपिकाचे काम कोणाला दिसले नसते, हेही तितकेच खरे. निकालाने एक खोटी चूक पुसली. ‘का’ विचारल्यावर एक खरे कर्तृत्व दिसले. या दोहोंत जे अंतर आहे, तेच आम्ही वर्गात शिकवत असतो अशी आमची आता धारणा आहे.

आणि आणखी एक गोष्ट. बरोबरी झाली की आपण नेहमी वरचढ बाजूची चूक शोधतो. राखणाऱ्याचे श्रम मोजत नाही. समीक्षेतही हे घडते. अनुवादाचेच घ्या. मूळ भाषेचा नाद आणि तिच्या संदर्भांचे जाळे, ही दोन प्यादी अनुवादकाच्या हातून आरंभीच गेलेली असतात. आपण परीक्षणे लिहितो ती गेलेल्या प्याद्यांची. ज्याने इतके गमावूनही पटाच्या दूरच्या कोपऱ्यातून शेवटपर्यंत डाव राखला, त्याने तीन ठिकाणी अशी एकच शक्य असलेली ओळ लिहिली असेल; ती कोणती, हे सांगण्याची तसदी आपण क्वचित घेतो. यंदा आम्ही पदव्युत्तर वर्गाला एका अनुवादित कादंबरीवर स्वाध्याय दिला आहे. अनुवादात काय हरवले हे लिहायचे नाही, अशी त्यात अट आहे. काय राखले, कोठे राखले आणि ते कसे राखता आले, एवढेच लिहायचे. मुलांना तो अवघड वाटतो आहे.